डाव्या बाजूची तार

रक्त कोणतं आणि काच कोणती ते मला कळेना. दोन्ही लाल. सून भिंतीला टेकून बसली होती. मांडीवरचं सूप उलटलं होतं, तांदूळ फरशीभर सांडले होते, आणि तिच्या उजव्या दंडात सारसाची मान शिरली होती. मान काचेची, वीतभर. बाकीचा सारस, धान, पाणी, आभाळ, सगळं तिच्या भोवती तुकडे होऊन पडलं होतं.

तिनं मान उपसायला डावा हात नेला. मी त्या हातावर चापट मारली.

"नोको उपसू. राहू दे."

माझ्या सासरी, सौंदडकडे, एका बैलाच्या मांडीत बांबूची कामटी घुसली होती. सासऱ्यानं ती उपसली आणि बैल दिवस मावळायच्या आत गेला. घुसलेली वस्तू रक्ताला बूच असते हे मी तेव्हा पाहिलं. मी दोरीवरचा टॉवेल ओढला, काचेच्या वर, बगलेजवळ गुंडाळला आणि गुडघा लावून आवळला. ती कण्हली नाही. वर पाहत होती, जिथून काच पडली तिकडे.

"आई, डाग सुटला का?"

डाग म्हणजे काचेचे तुकडे एकमेकांना जोडायला ती कथील वितळवून लावते तो. फुटक्या भांड्याला देतात तसाच. अंगातून रक्त चाललेलं आणि बाई विचारते, डाग सुटला का.

"चूप बस," मी म्हटलं.

"पाहा न, आई. कडीचा डाग सुटला असन त माझंच चुकलं."

मी पाहिलं नाही. आवाज ऐकून शेजारीण धावत आली. हीच ती बाई, जिच्यावर मला चार महिन्यांपासून शंका होती. आत आली, पाहिलं, परत गेली. मला वाटलं पळाली. ती स्कूटीची चावी आणायला गेली होती. मुलगा राईस मिलमध्ये, तिथं मशिनीच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. रिक्षाची वाट कोण पाहणार. तिनं सुनेला मागं बसवलं, सुनेच्या मागं मला. मी जन्मात स्कूटीवर बसले नव्हते.

"आजी, पकडके बैठो. हाथ छोडना मत," ती म्हणाली.

आमच्या कुडव्यापासून गोंदियाच्या दवाखान्यापर्यंत मी एका हातानं टॉवेल आवळून धरला आणि दुसऱ्या हातानं गाडीची मागची दांडी. सुनेचं डोकं शेजारणीच्या पाठीवर. आणि मी काय विचार करत होते ते खरं सांगते. मी शेजारणीच्या मानेकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, हिनंच केलं. हिच्याच डोळ्यानं झालं, आणि आता हीच घेऊन चालली.

सून आमच्या घरात वीस वर्षांपासून आहे. बालाघाटकडची. मुलानं सांगितलं आणि मी हो म्हटलं, पण भरवसा कधी ठेवला नाही. भांडण असं नाही. ती हिंदी-मराठी मिसळून बोलते, फोनवर हसते आणि मी आत आले की हसणं थांबवते. एवढं मला पुरे होतं. ज्या सुनेचं हसणं सासू आली की थांबतं ती सासूवरच हसत असते, असं माझं गणित. मी चौथी शिकलेली आहे, पण हे गणित शाळेतलं नाही.

नातू शिकायला नागपूरला गेला आणि तिचं घरात मन लागेना. तेव्हा तिनं काचेचं काम काढलं. फोनमध्ये पाहून शिकली, मग नागपुरात नातवाकडे आठ दिवस राहून एका बाईकडून शिकली. मागच्या वऱ्हांड्यात जिथं आम्ही सरपण ठेवायचो तिथं तिनं टेबल मांडलं. रंगीत काच हिऱ्याच्या टोकाच्या कलमेनं कापायची, कडा दगडावर घासायच्या, कडांना तांब्याची पट्टी चिकटवायची आणि मग तापल्या सळईनं डाग देत जोडायचं. त्याचा धूर कडू. मी पहिल्या दिवशीच म्हटलं, "घरात कल्हईवाला आला का?"

"बाहेरच करून राहिली न, आई."

"धूर बाहेर राहते का? तो माणसासारखा थोडीच, हाकललं त जाईन."

ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला आवडत नाही. त्यात काय भरलंय ते दिसत नाही.

काच बनवणं एक आणि टांगणं दुसरं, हे मला तिच्यामुळे कळलं. पहिल्यांदा तिनं लहान लहान पाखरं केली. ती खिडकीच्या काचेला रबराच्या वाट्या चिकटवून त्यांना लावली. गोंदियाचा उन्हाळा रबराला सोसत नाही. तापलं की वाटी सुटते. एक पोपट दुपारी कणकेच्या डब्यात पडला. झाकण उघडं होतं म्हणून नीट राहिला, पण मी ती कणीक गाईला घातली नाही की माणसाला दिली नाही, नालीत टाकली. मग तिनं मासे धरायच्या नायलॉनचा दोरा आणला आणि सागाच्या फांदीला एकाखाली एक पानं टांगली. वाऱ्यानं वाजायची. दिसायला वाईट नव्हती. पण दोऱ्याची गाठ मला पसंत नव्हती. नायलॉनची गाठ ओली करून ओढावी लागते, नाहीतर आपोआप सरकते. ढिवर बायका तलावावर जाळी विणताना गाठ दातात धरून थुंकी लावतात. हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकलं आणि त्या दिवसापासून गाठी ओल्या करून मारू लागली. तेव्हाही मला वाटलं, ही माझं ऐकते त्यात काही डाव असेल.

मोठ्या कामाला दोरा चालत नाही. सारस मोठा होता. दोन हात उंच, दीड हात रुंद, पाच किलो तांदळाच्या थैलीएवढा जड. दोन सारस करायचे तर काच पुरली नाही म्हणून एकच केला, धानाच्या बांधीत उभा, मान वर. आमच्या भागात सारस जोडीनंच राहतात. एकटा सारस कशाला, असं मी म्हणाले. एकटा म्हणजे दुसरा मेलेला. ती म्हणाली, "दुसरा फोटोच्या बाहेर उभा हाये, आई." असं ती बोलते.

सारसाच्या चौकटीला वरून दोन कड्या होत्या. त्या कशा बसवायच्या ते ती मला समजावत होती, मी विचारलं नसताना. कडी काचेच्या कडेच्या नुसत्या पट्टीला लावायची नाही, पट्टी निघून येते. जिथं आतल्या जोडाची रेघ कडेला येऊन मिळते तिथंच कडीला डाग द्यायचा, म्हणजे वजन सगळ्या जोडांवर जातं. टांगायला तिला पितळेची साखळी पाहिजे होती. मुलगा मिलमधून सळया बांधायची काळी तार घेऊन आला.

"हिनं स्लॅबच्या सळया बांधतेत," तो म्हणाला. "तुझी काच स्लॅबपेक्षा भारी हाये का?"

त्यानं तार दुहेरी केली, पिळली, खिडकीवर दोन खिळे ठोकले आणि होळीनंतर सारस टांगला. कुठं? माझ्या खाटेच्या वर. त्या खिडकीखाली माझी जागा. दुपारी मी तिथं पडते. सूर्य कलला की सारसाची लाल मान माझ्या पायावर यायची आणि हळूहळू पोटापर्यंत चढायची.

"माझ्या डोक्यावर कायले टांगलं?" मी विचारलं.

"तिथंच उजेड येते, आई. दुसऱ्या खिडकीवर शेजारची भिंत हाये."

खरं होतं. पण मी तेव्हा मानलं नाही. पाच किलो काच सासूच्या डोक्यावर. मी काही दिवस खाट सरकवून झोपले, मग ती रोज खाट जागेवर लावायची, मग मी रोज सरकवायची. बोलत दोघी नव्हतो.

मग शेजारीण आली. सारसासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बापा, किती सुंदर." थोड्या वेळानं पुन्हा तेच. निघताना दारातून वळून पाहिलं आणि तिसऱ्यांदा तेच. दुसऱ्या दिवशी सुनेचं बोट सळईनं भाजलं. तिसऱ्या दिवशी मांजरानं दूध सांडलं. मला आणखी काय पाहिजे होतं. मला ती काच आवडत नव्हती, पण आमच्या घरातल्या वस्तूला बाहेरच्या बाईनं तीनदा सुंदर म्हणावं हेही मला चालत नव्हतं.

माझी माय नजर लागू नये म्हणून गोठ्याच्या दारावर काळ्या कपड्याची पुडी बांधायची. खडे मीठ, मोहरी, एक बिब्बा. दर अवसेला जुनी सोडायची, नवी बांधायची. मीही तेच केलं. वैशाखातल्या अवसेला सून बाजारात गेली तेव्हा खाटेवर स्टूल ठेवलं, त्यावर चढले आणि सारसाच्या डाव्या तारेला, खिळ्याजवळ, पडद्याच्या मागं पुडी बांधली. कोणाला दिसली नाही. सांगितलं असतं तर मुलगा हसला असता आणि सून हसायची थांबली असती.

ज्येष्ठात बदलली, आषाढात बदलली, पोळ्याच्या अवसेला बदलली. आषाढापासून भिंतीवर खिळ्याखाली एक तांबूस ओघळ दिसायला लागला. मी सुनेला बोलावून दाखवला.

"पाह्य, तुझी काच भिंत खराब करून राहिली."

ती स्टूलावर चढायला निघाली. मीच अडवलं, म्हटलं पावसाचं पाणी असेल, पोरगा पाहीन. पुडी दिसू नये म्हणून अडवलं.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. त्या दुपारी मी पाणी प्यायला उठले. सून तांदूळ निवडायला बसायला जागा पाहत होती. माझ्या खाटेवर उजेड चांगला, म्हणून ती तिथं बसली. मी माठावर लोटा ठेवते न ठेवते तोच तिकडे आवाज झाला. ती उठायला गेली असेल, म्हणून खाटेवरून खाली घसरून भिंतीला टेकली.

दवाखान्यात डॉक्टरनं काच काढली. चौदा टाके घातले. बोटं हलवायला सांगितली. चार हलली, करंगळी थोडीच हलली. तो म्हणाला, काच आणखी बोटभर आत गेली असती तर आपण आता बोलत नसतो. मुलगा तोपर्यंत पोचला होता, अंगावर कोंड्याची धूळ तशीच. शेजारणीनं मिलच्या फाटकावर माणूस पाठवून निरोप दिला होता. मुलानं मला म्हटलं, "माय, तू घरी जाय. घर उघडं हाये."

शेजारीणच मला घरी सोडायला आली. वाटेत एकदाच बोलली. "आजी, वो तार देखना. अपने आप नहीं गिरता." मला तिचा राग आला. चोरच वाट दाखवते असं वाटलं.

घरी मी एकटी. आधी वर पाहिलं. उजव्या तारेला चौकटीचा एक कोपरा अजून लटकत होता, कडीसकट. तार काळी, चांगली. सारस डाव्या बाजूनं सुटला, दारासारखा फिरला, खिडकीच्या गजावर आदळला आणि मग खाली आला. डाव्या खिळ्याला तारेचं बोटभर टोक होतं. तांबडं, वाळल्या पानासारखं. हात लावला तर त्याचा भुगा झाला. खाली फरशीवर तांदळात माझी काळी पुडी पडली होती. ओली. पोळ्याला बांधलेलं, आठच दिवसांचं मीठ, तरी पाझरून कापड कडक आणि तांबडं झालं होतं. चार अवसा मी त्या तारेला मीठ खाऊ घातलं. हवेतलं पाणी मिठानं ओढलं आणि तारेला पाजलं. दुसऱ्या तारेला पुडी नव्हती, ती तशीच होती.

हे कळायला मला शाळा लागली नाही. लोखंडाच्या पेटीत मीठ ठेवू नये हे आमच्याकडे पोरीसोरींना माहीत असतं.

मी स्टूलावर चढले आणि डाव्या खिळ्यावरचं ते टोक पिळून काढलं. पुडीत घातलं. पुडी माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली. मग फरशी झाडली.

मी घाबरले म्हणून लपवलं असं कोणी म्हणेल. घाबरले होते, पण तेवढंच नाही. मला वाटलं, आता काच जाईल या घरातून.

आणि तसंच झालं. रात्रीपर्यंत सुनेला घरी आणलं. मुलगा वर पाहत उभा राहिला. एक खिळा रिकामा, दुसऱ्याला तार.

"तार त मी बांधली होती," तो म्हणाला. "हे तार तुटत नाई. कडीच निघाली, आन तार झटक्यानं खिळ्यावरून सुटली."

"कडी पाहिली का?" सुनेनं खाटेवरून विचारलं.

"का पाहाचं त्यात? जीव जात होता तुझा. आता या घरात काच नाई. बस."

त्यानं सगळे तुकडे सिमेंटच्या पोत्यात भरले, उजवी तार कोपऱ्यासकट ओढून त्यातच टाकली, पोत्याचं तोंड बांधलं आणि वऱ्हांड्यात ठेवलं, भंगारवाला आला की द्यायला. सुनेनं वाद घातला नाही. मी वाट पाहत होते की ही आता त्याला म्हणेल, तार तुम्हीच आणली, मी साखळी मागितली होती. तिनं तेवढंच म्हटलं, "माझाच डाग असन. त्या दिवशी सळई कमी तापली होती."

पुढचे आठ दिवस मी स्वयंपाक केला आणि तिचं डोकं विंचरून दिलं. तिचा उजवा हात गळ्यात. ती टेबलाकडे जायची नाही. डाव्या हातानं बोटं मोजल्यासारखी करायची, मी विचारलं तर म्हणाली, किती वेळ सळई लावली ते आठवून राहिली. जेवायची कमी. मी शेजारपाजारच्या बायकांना सांगत सुटले होते की शेजारणीची नजर लागली. भाजीवालीला सांगितलं, दूधवाल्याच्या बायकोला सांगितलं. कोणी खोटं म्हटलं नाही.

जंगलाकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं सारसाचा फोटो पाहून सुनेला तीन खिडक्या करायला सांगितलं होतं. पहिलं मोठं काम. ती महिनाभर कागदावर धानाच्या लोंब्या काढत होती. नवव्या दिवशी सकाळी चहा झाला, मुलगा बूट घालत होता, आणि तिनं त्या माणसाला फोन लावला. मी चूल, म्हणजे गॅस, पुसत होते.

"भैया, वो खिडकियाँ किसी और से बनवा लो," ती म्हणाली. "नहीं, हाथ ठीक हो जायेगा. बात वो नहीं. मेरा टाँका खुल गया. घर में गिरा तो मेरे ऊपर गिरा. आपके यहाँ बच्चे बैठेंगे नीचे." मग ऐकत राहिली. "नहीं भैया. अब नहीं करना मेरे को."

फोन ठेवला. उठली आणि डाव्या हातानं चहाचे कप गोळा करायला लागली.

मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. धूर बंद, काच बंद, माझी खाट माझ्या जागेवर. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं मला येतं. पण आपल्या मिठाचं पाप दुसऱ्याच्या डागावर जाऊन राहिलं हे मला गिळता येईना. तिचा डाग खोटा नव्हता. मी वीस वर्षं तिच्यात खोट शोधली, आणि सापडली नव्हती तिथं आता स्वतःच बसवत होते.

मी ट्रंक उघडली. पुडी आणून तिच्या फोनशेजारी ठेवली.

"हे का?" मुलानं विचारलं.

"मीठ. मोहरी, बिब्बा. मी बांधली होती डाव्या तारेले, दर अवसेले. तार मिठानं खाल्ली. टोक आत हाये, पाह्य."

त्यानं पुडी उघडली. तारेचा तांबडा भुगा बोटावर घेतला. मिलमध्ये मशिनी सांभाळणारा माणूस, त्याला गंज ओळखता येतो.

"माय, तू काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त काच राहिली असती घरात. मले नव्हती पाह्यजे."

"आन ते हिच्या जिवावर आलं त?"

"ते माहीत असतं त बांधली असती का मी? माह्याच खाटेवर टांगली होती न ते."

तो बूट तसेच अर्धे घालून बसला. सून कप हातात घेऊन उभी होती. तिनं कप खाली ठेवले. मला वाटलं, आता ही म्हणेल जाऊ द्या. सुना म्हणतात तसं. तिनं म्हटलं नाही.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस मी झोपली नाई. डोळे मिटले की सळई दिसे. तुम्ही रोज माझं डोकं विंचरून राहिले आन सांगतलं नाई."

"नाई सांगतलं."

"आन भिंतीवरचा ओघळ मले दाखवला. मी चढत होती स्टूलावर. तुम्ही चढू नाई दिलं."

"नाई दिलं."

"पोतं आणा," ती मुलाला म्हणाली.

त्यानं वऱ्हांड्यातून पोतं ओढत आणलं. तिनं डाव्या हातानं गाठ सोडायला घेतली, सुटेना, मी पुढं झाले तर तिनं माझा हात बाजूला केला आणि दातानं सोडली. आम्ही जुन्या चादरीवर तुकडे पसरले. उजवा कोपरा लगेच सापडला. डावा खाली गेला होता. कडी जागेवर होती. तिच्यात तारेचा वीतभर तुकडा अजून पिळलेला होता, एका टोकाला काळा, दुसऱ्या टोकाला तांबडा.

तिनं तो कोपरा माझ्यापुढं धरला.

"ओढा कडी."

मी ओढली.

"जोरात ओढा."

मी खुरपं धरायच्या जोरानं ओढली. निघाली नाही. मुलानं पकड लावून ओढली. कडी वाकडी झाली, डाग सुटला नाही. तिनं कोपरा परत घेतला, डागावरून अंगठा फिरवला आणि भिंतीला टेकून बसली, जशी त्या दिवशी बसली होती. मग म्हणाली, "शेजारणीले तुम्हीच जाऊन सांगा. तिच्या नावानं साऱ्या गल्लीत बोलले तुम्ही. मले भाजीवालीनं सांगतलं."

म्हणजे ते तिला माहीत होतं.

मी गेले. चप्पल घालून शेजारच्या दारात जायला एवढा वेळ मला कधी लागला नव्हता. शेजारीण कपडे वाळत घालत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, नजर, पुडी, मीठ, आणि मी लोकांना काय बोलले ते. तिनं चिमटा तोंडात धरला होता, तो काढला.

"आजी, मेरी नजर में इतना दम होता तो मेरा आदमी कब का सुधर गया होता," ती म्हणाली आणि पुढचा कपडा झटकला. मग म्हणाली, "मैंने बोला था न, तार देखना."

"बोलली होती."

"आपने देखा?"

"त्याच दिवशी."

तिनं तो कपडा दोरीवर टाकला. बसा म्हटलं नाही. मी परत आले.

सून पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. भाकर द्या, पाणी द्या, पट्टी बांधा. मला ते बरं वाटलं, निदान त्यात काय आहे ते दिसत होतं. रिसॉर्टवाल्याला तिनं त्याच दिवशी परत फोन केला आणि हो म्हटलं, पण अट घातली. तारेला टांगायचं नाही. सागाची चौकट करायची, खालच्या लाकडाला खाच पाडायची, काचेचं वजन त्या खाचेत बसलं पाहिजे. वरून साखळी फक्त तोल जाऊ नये म्हणून, पितळेची, आणि खिळे नाहीत, बोल्ट. तो माणूस म्हणाला एवढं कशाला. ती म्हणाली एवढंच, नाहीतर नाही. मुलगा जवळच बसून ऐकत होता. साखळी त्यानं स्वतः गोंदियातून आणली, दोन प्रकारच्या, आणि कोणती पाहिजे ते तिलाच विचारलं.

आमच्या खिडकीत तिनं पुन्हा सारस केला नाही. खाचेच्या लाकडावर एक लहान काच उभी केली आहे, नुसतं हिरवं धान, पाखरू नाही. ती मला आवडत नाही. उजेड हिरवा पडला की माणूस आजारी दिसतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग खाट सरकवा." मी सरकवली.

तिची करंगळी अजून पुरी वळत नाही. बारीक तुकडा धरताना ती मधल्या बोटानं धरते. दंडावरचा व्रण लांब आहे आणि थंडीत दुखतो. रिसॉर्टच्या तीन खिडक्या तिनं त्याच हातानं केल्या. बसवायच्या दिवशी मला नेलं नाही, मी विचारलंही नाही. परत आल्यावर मुलानं सांगितलं, हिनं तिन्ही चौकटींना दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं.

काच पडली त्या दुपारी घरात सून होती आणि मी होते. दोघीही जगलो.